आंद्रे ब्राउअर: कॅप्टन होल्टच्या आधीची वीस वर्षं

रानवारा

'ब्रुकलिन नाइन-नाइन' या अमेरिकन विनोदी पोलीस मालिकेतला कॅप्टन रेमंड होल्ट इथल्या बऱ्याच जणांचा लाडका आहे, हे वेगवेगळ्या धाग्यांवर दिसत असतं. ११ डिसेंबर २०२३ ला होल्ट साकारणारा नट आंद्रे ब्राउअर गेला, फुप्फुसाच्या कर्करोगाने, अवघ्या ६१ व्या वर्षी. तेव्हाही बहुतेकांनी होल्टलाच निरोप दिला. साहजिक आहे ते. पण होल्टची भूमिका मिळाली तेव्हा ब्राउअरने पन्नाशी ओलांडली होती, आणि त्याआधीची वीस वर्षं तो अमेरिकन टीव्हीवरच्या गंभीर मालिकांमधला पहिल्या फळीचा नट होता. १९९० च्या दशकात छोट्या पडद्यावर त्याच्या तोडीचं काम दुसऱ्या कुणी केलं असेल असं मला वाटत नाही. त्या कामाबद्दल बोलायला हा धागा काढतोय. 'होमिसाइड' या त्याच्या गाजलेल्या मालिकेतल्या काही भागांचे शेवट पुढे उघड होणार आहेत, तेव्हा ज्यांना ती बघायची आहे त्यांनी जपून वाचा.

जन्म १९६२ चा, शिकागोच्या पश्चिम भागातला. वडील राज्य सरकारच्या नोकरीत अवजड यंत्रं चालवायचे, आई टपाल खात्यात. शाळा सेंट इग्नेशियस, म्हणजे जेझुइट पाद्र्यांची. पोरगा हुशार, स्टॅनफर्डला इंजिनिअरिंग शिकायला गेला. तिथे विद्यार्थ्यांच्या 'हॅम्लेट'मध्ये क्लॉडियसचं काम अचानक त्याच्या वाट्याला आलं आणि इंजिनिअरिंग मागे पडलं. वडील संतापले. नाटकावर पोट भरणारे काळे नट आहेत तरी किती, हा त्यांचा प्रश्न होता, आणि १९८० च्या सुमाराच्या अमेरिकेत त्या प्रश्नाला चटकन उत्तर देणं कुणालाही अवघड गेलं असतं. ब्राउअर तिथून न्यूयॉर्कला जुलियार्ड या कलाशाळेत गेला आणि १९८८ मध्ये तिथलं शिक्षण पुरं करून बाहेर पडला. पुढच्याच वर्षी 'ग्लोरी' हा चित्रपट आला. यादवी युद्धातल्या काळ्या सैनिकांच्या पलटणीत बॉस्टनचा शिकलासवरलेला, चष्मेवाला सर्ल्स भरती होतो, ते काम याचं. पहिलाच चित्रपट, आणि समोर डेन्झेल वॉशिंग्टन, मॉर्गन फ्रीमन. तरी तो सर्ल्स लक्षात राहतो.

मग आली 'होमिसाइड: लाइफ ऑन द स्ट्रीट'. एनबीसी वाहिनीवर ३१ जानेवारी १९९३ ला, सुपर बोल या अमेरिकन फुटबॉलच्या अंतिम सामन्यानंतर लगेच पहिला भाग दाखवला. डेव्हिड सायमन हा बाल्टिमोरचा वार्ताहर. १९८८ मध्ये तो वर्षभर तिथल्या पोलिसांच्या खून-तपास शाखेत जाऊन बसला होता, त्यावर त्याने लिहिलेलं पुस्तक १९९१ मध्ये आलं, आणि मालिका त्यावर बेतलेली. (पुढे बाल्टिमोरवरचीच 'द वायर' ही मालिका करणारा तो हाच.) खांद्यावरचा १६ मिलिमीटरचा कॅमेरा, मध्येच तुटणारे कट, गोळीबार जवळजवळ नाहीच. सगळा जीव बोलण्यात. आणि बोलण्याचं केंद्र म्हणजे चौकशीची खोली. मालिकेतले पोलीस तिला 'बॉक्स' म्हणतात.

फ्रँक पेम्बल्टन, म्हणजे ब्राउअरचं पात्र, हा त्या बॉक्सचा राजा. जेझुइटांकडे शिकलेला, न्यूयॉर्कहून आलेला, गर्विष्ठ, जोडीदार नको असलेला. पहिल्याच भागात तो नवख्या बेलिसला सांगतो की बघ, आता मी विक्री करणार आहे. माल काय, तर लांबलचक तुरुंगवास. गिऱ्हाईक कोण, तर ज्याला तो माल अजिबात नकोय असा माणूस. ब्राउअर हे ज्या चवीने बोलतो त्यावरून कळतं की या पात्राला सत्याइतकंच स्वतःच्या हुशारीचंही व्यसन आहे.

'थ्री मेन अँड अडेना' हा पहिल्याच सीझनमधला भाग. अकरा वर्षांच्या अडेनाचा खून झालाय. संशय घोडागाडीवरून फळं-भाजी विकणाऱ्या एका म्हाताऱ्यावर. पेम्बल्टन आणि बेलिसकडे बारा तास आहेत, आणि जवळजवळ पूर्ण भाग त्या एका खोलीत घडतो. म्हाताऱ्याचं काम मोझेस गन या जुन्याजाणत्या रंगभूमीवरच्या नटाचं. त्याच वर्षी तो गेला. लेखन टॉम फोंटाना यांचं, त्याला एमी हा टीव्हीचा मोठा पुरस्कार मिळाला. यात ब्राउअरचं ऐकणं बघा. तो प्रश्न टाकतो, मागे रेलतो आणि समोरच्याला शांततेत सोडून देतो. मग आवाज इतका खाली आणतो की म्हाताऱ्याला पुढे झुकावं लागतं. आरडाओरडा येतो तो फार उशिरा, आणि तेव्हा तो हरल्याची खूण म्हणून येतो. शेवटी कबुली मिळत नाही. मालिकेत तो खून अखेरपर्यंत सुटत नाही.

चौथ्या सीझनच्या शेवटी, १९९६ मध्ये, लेखकांनी या पात्राला पक्षाघात दिला. ज्याचं सगळं बळ जिभेत, त्याचीच जीभ अडखळायला लावली. पाचव्या सीझनमध्ये शब्द शोधत थांबणारा, बंदुकीची चाचणी पास होत नाही म्हणून टेबलाशी बसवलेला पेम्बल्टन दिसतो. ब्राउअरने तो दया मागणारा केला नाही. तो चिडका, हट्टी, घरच्यांना नकोसा होणारा आहे. पडद्यावरची बायको मेरी म्हणजे अ‍ॅमी ब्रॅबसन, त्याची खऱ्या आयुष्यातलीही पत्नी. घरातल्या त्या भांडणांमध्ये दोघांनाही सगळं शब्दांत सांगावं लागत नाही.

१९९८ मध्ये नाट्यमालिकेतला सर्वोत्कृष्ट नट म्हणून एमी मिळालं, आणि त्याच वर्षी सहाव्या सीझनअखेर तो मालिका सोडून गेला. पुढचं प्रतिसादांत लिहितो.

कवडसा

वा, या धाग्याची गरज होती. वाखुसा (वाचनखूण साठवली).

मेरीलँडकर

आम्ही बाल्टिमोरपासून पाऊण तासावर राहतो. मालिकेतलं पोलीस ठाणं म्हणजे फेल्स पॉइंट भागातली धक्क्यावरची जुनी रिक्रिएशन पिअरची इमारत. २०१७ पासून तिथे महागडं हॉटेल आहे. समोरचा दगडी रस्ता मात्र मालिकेत दिसतो तसाच. पाहुणे आले की मी त्यांना तिकडे नेते, आणि ज्यांनी मालिका पाहिलेली असते ते लगेच ओळखतात.

इथे जुन्या लोकांशी बोलताना एक जाणवतं. शहराचं नाव खून आणि अमली पदार्थांशी जोडलं गेलं याचा राग बऱ्याच जणांना आहे, 'द वायर'वर तर फारच. पण 'होमिसाइड'बद्दल बोलताना तेच लोक मऊ होतात. मला वाटतं त्याचं कारण पेम्बल्टन आणि त्याचा वरिष्ठ लेफ्टनंट जिआर्डेलो (याफेट कोटो) ही दोन पात्रं. काळ्या बहुसंख्य शहरातले दोन काळे अधिकारी, दोघेही घडलेले, वाचणारे, एकमेकांशी तात्त्विक वाद घालणारे. कोटो आणि ब्राउअर समोरासमोर आले की दृश्याचं वजनच बदलायचं. कोटो २०२१ मध्ये गेला.

आडवाट

रानवारा, लेख आवडला, पण एक शंका. इतका मोठा नट, १९९८ मध्ये एमी हातात, वय छत्तीस. मग तो चित्रपटांत का नाही चमकला? 'सिटी ऑफ एंजल्स', 'फ्रीक्वेन्सी', 'द मिस्ट' यांत तो दिसतो, पण नेहमी बाजूला. हॉलिवूडने त्याला जागा दिली नाही की त्याने घेतली नाही?

रानवारा

आडवाट, मला वाटतं दोन्ही. त्या काळात चित्रपटांत काळ्या नटांना मध्यवर्ती भूमिका मोजक्याच असायच्या, आणि त्याही दोन-तीन नावांभोवती फिरायच्या. 'ग्लोरी'नंतर त्याला कामं आली ती बहुतेक टीव्हीवरची: टेली सावालासच्या 'कोजॅक' चित्रपटांमध्ये साथीदार, मग टीव्ही चित्रपटात बेसबॉलपटू जॅकी रॉबिन्सन, १९९५ मध्ये एचबीओच्या 'टस्कीगी एअरमेन'मध्ये लष्करी अधिकारी बेंजामिन डेव्हिस.

पण त्याने स्वतः निवडलेलंही पुष्कळ आहे. तीन मुलगे होते, घर न्यू जर्सीत, आणि घरापासून महिनोन् महिने लांब राहावं लागेल अशी कामं तो टाळायचा. २०२० च्या एका मुलाखतीत तो म्हणाला होता की आपली कारकीर्द याहून मोठी होऊ शकली असती, दिग्दर्शन, निर्मिती असं बरंच काही करता आलं असतं, पण ते स्वतःच्या जगण्याच्या मोलावर झालं असतं. हे मला फार मोठं वाटतं. कारकिर्दीची मोजणी करताना आपण फक्त काय मिळवलं ते धरतो, त्या माणसाने काय राखलं ते धरत नाही.

आता १९९८ नंतरचं. 'गिडियन्स क्रॉसिंग' (एबीसी, २०००–०१) मध्ये तो बॉस्टनच्या रुग्णालयातला डॉक्टर होता. एकच सीझन, तरी एमीचं नामांकन मिळालं. 'हॅक' (सीबीएस, २००२–०४) दोन सीझन. मग २००६ मध्ये एफएक्सवर 'थीफ', फक्त सहा भाग. न्यू ऑर्लिन्समधला चोरांच्या टोळीचा म्होरक्या, बायको अचानक जाते आणि तिची आधीच्या लग्नाची मुलगी याच्या गळ्यात पडते. दोघांचं एकमेकांशी पटत नाही. दुसरं एमी त्याला याच कामाबद्दल मिळालं. तोवर मालिका बंद झालेली! 'लास्ट रिसॉर्ट' (२०१२–१३) मध्ये अण्वस्त्रधारी पाणबुडीचा कप्तान. हुकूम संशयास्पद वाटतो म्हणून क्षेपणास्त्र डागायला नकार देणारा. पहिला भाग जबरदस्त आहे. तेरा भागांत गुंडाळली.

म्हणजे दर दोन-तीन वर्षांनी कुणीतरी याला मध्यभागी ठेवून मालिका उभी करायचं, समीक्षक वाखाणायचे, आणि प्रेक्षकसंख्या कमी म्हणून वाहिनी पडदा पाडायची. मला याचं खरंच वाईट वाटतं.

शमी

'मेन ऑफ अ सर्टन एज' राहिली की! टीएनटीवर २००९ ते २०११, दोन सीझन. रे रोमानो, स्कॉट बॅक्युला आणि ब्राउअर, पन्नाशीकडे झुकलेले तीन मित्र. ब्राउअर त्यात ओवेन, वडिलांच्या मोटारींच्या शोरूममध्ये नोकरी करणारा. वडील एके काळचे नावाजलेले बास्केटबॉलपटू, मुलगा मधुमेही, सुटलेल्या पोटाचा, झोपताना श्वासाचं यंत्र लावणारा. वडील त्याला चारचौघांत कमी लेखतात आणि तो गिळतो.

तुम्ही पेम्बल्टनबद्दल जे लिहिलंय ते वाचून हेच काम डोळ्यांसमोर आलं. तिथे गिऱ्हाईकाला नको असलेला माल विकणारा माणूस, इथे खरोखरच्या गाड्या धड विकता न येणारा. तोच नट, तेच अंग, पण ओवेनच्या खांद्यांचा उतार बघा. दुसऱ्या सीझनमध्ये शोरूमची सूत्रं त्याच्याकडे येतात आणि तो हळूहळू ताठ होत जातो. कुठलंही भाषण नाही, मोठा प्रसंग नाही. दोन्ही सीझनला त्याला साहाय्यक नटाचं नामांकन होतं, मिळालं नाही. मला विचाराल तर हे त्याचं सगळ्यात अवघड काम. दबदबा त्याला उपजतच होता. तो काढून ठेवणं जड.

नाट्यवेडा_सांगली

आवाजाबद्दल थोडं. १९९६ मध्ये, म्हणजे 'होमिसाइड' चालू असताना, त्याने न्यूयॉर्कच्या सेंट्रल पार्कमध्ये 'हेन्री पाचवा' केला. उघड्यावरचं नाट्यगृह, मोफत प्रयोग. त्यासाठी त्याला ओबी पुरस्कार मिळाला. शेक्सपिअर तो आयुष्यभर करत राहिला, आणि ते टीव्हीवरही ऐकू येतं. लांब वाक्य असेल तर श्वास कुठे घ्यायचा, कुठला शब्द उचलायचा, कुठे वाक्य संपल्यासारखं करून पुढे रेटायचं, याचा हिशेब पक्का आहे. पेम्बल्टनची लांबलचक भाषणं दुसऱ्या कुणाच्या तोंडी लिहिली असती तर पाठांतर वाटली असती. तो बोलताना ती त्याच क्षणी सुचताहेत असं वाटतं.

रंगभूमीवरचे नट कॅमेऱ्यासमोर अनेकदा मोठे वाटतात, त्यांना आवरावं लागतं. ब्राउअर मोठाच राहिला आणि तरी खोटा वाटला नाही. मी त्याचं काम बघून शिकतो.

तळटीप

मी जरा विरोधी सूर लावणार आहे. नट थोर होता याबद्दल वाद नाही. पण या धाग्यात ज्या कौशल्याचं कौतुक चाललंय, ते काय आहे? बंद खोलीत थकलेल्या, घाबरलेल्या, वकील नसलेल्या माणसाकडून कबुली काढणं. अशा खोल्यांमध्ये निरपराध माणसांनी खोट्या कबुल्या दिल्याची कितीतरी खरी प्रकरणं अमेरिकेत आहेत, आणि त्यांत काळी माणसं मोठ्या संख्येने भरडली गेलीत. ब्राउअरच्या नावावर पेम्बल्टन आहे, 'हॅक'मधला पोलीस आहे, आणि होल्टही आहे. पोलिसांची प्रतिमा उजळवण्यात त्याच्यासारख्या आवडत्या नटाचा हात नाही का?

रानवारा

तळटीप, हा प्रश्न विचारायलाच हवा होता. उत्तर मला त्या मालिकेतच सापडतं. दुसऱ्या सीझनमधला 'ब्लॅक अँड ब्लू' हा भाग. एका तरुण काळ्या मुलाला गोळी लागलीय आणि पेम्बल्टनला संशय पोलिसांवरच आहे. जिआर्डेलो म्हणतो, आधी बाहेरच्यांत शोध. मग पेम्बल्टन एका साक्षीदाराला बॉक्समध्ये घेतो. हा निर्दोष आहे हे त्याला ठाऊक असतं. त्याच्याशी गोड बोलून, त्याच्या अपराधीपणावर बोट ठेवून, त्याच्यासोबत रडून, तो त्याच्याकडून खुनाची कबुली घेतो. आणि तो कागद नेऊन जिआर्डेलोसमोर ठेवतो: घ्या, हवी होती ना?

काही मिनिटांचा प्रसंग आहे. ब्राउअर तो इतक्या प्रेमळपणे करतो की बघणाऱ्यालाही क्षणभर त्या माणसाने खरंच काहीतरी केलं असावं असं वाटायला लागतं. खोटी कबुली कशी तयार होते हे १९९४ मध्ये, मुख्य वाहिनीवर, नायकाच्या हातून दाखवलंय. कौशल्य आणि अन्याय एकाच आवाजातून. उजळवणं याला मी म्हणणार नाही.

मात्र पुढचं तुमचं म्हणणं त्याने स्वतःच मान्य केलं होतं. २०२० मध्ये पोलिसाच्या हातून झालेल्या जॉर्ज फ्लॉइडच्या हत्येनंतर तो म्हणाला की इतकी दशकं अशा पात्रांच्या गोष्टींच्या आत राहून आपणही त्या मिथकाला बळी पडलो. टीव्हीवरचे पोलीस नियम मोडतात आणि ते चांगल्यासाठीच असं दाखवलं जातं, हे बदललं पाहिजे असं त्याचं मत होतं. 'ब्रुकलिन नाइन-नाइन'च्या आठव्या सीझनचे लिहून तयार असलेले पहिले चार भाग त्या उन्हाळ्यात रद्द करून नव्याने लिहिले गेले. पहिल्याच भागात होल्टच्या हाताखालची डिटेक्टिव्ह रोझा पोलीस खातं सोडून गेलेली दिसते.

तळटीप

'ब्लॅक अँड ब्लू' पाहिलेला नाही, बघतो. त्याचं २०२० मधलं बोलणंही माहीत नव्हतं. तरी माझा मुद्दा पूर्ण सुटत नाही. दर आठवड्याला बॉक्समध्ये खरे गुन्हेगारच येतात आणि एका आठवड्याला निर्दोष, तर प्रेक्षकाच्या मनात काय ठसतं?

मेरीलँडकर

तळटीप, या मालिकेत दर आठवड्याला खरा गुन्हेगार सापडतही नाही. फळ्यावर न सुटलेल्या खुनांची नावं लाल अक्षरांत असतात आणि ती तशीच राहतात. पण तुमची काळजी मला पटते.

शमी

'सबवे'चा उल्लेख कुणीच केला नाही! डिसेंबर १९९७. भुयारी गाडी आणि फलाट यांच्या मध्ये एक माणूस कमरेपासून अडकलाय. गाडी हलवली की तो जाणार. त्यालाही हे हळूहळू कळतं. व्हिन्सेंट डोनोफ्रिओ तो माणूस, आणि पेम्बल्टन त्याच्याशी बोलत बसतो. इथे कबुली काढायची नाही, काही विकायचं नाही. पक्षाघातातून उठलेला, देवाशी भांडण असलेला माणूस मरणाऱ्याच्या शिव्या खातो आणि जागेवरून हलत नाही. या भागाला पीबॉडी पुरस्कार मिळाला. आमच्याकडे सगळ्यांनी एकत्र बसून पाहिला, संपल्यावर आई बराच वेळ काही बोलली नाही.

कवडसा

आता होल्टबद्दल बोलू का? कारण मला तो या सगळ्याच्या पलीकडचा वाटत नाही, यातूनच आलेला वाटतो. होल्ट विनोद करतोय असं ब्राउअर कधीच वागत नाही. पेम्बल्टनला जितक्या गांभीर्याने घ्यायचा तितक्याच गांभीर्याने तो होल्टला घेतो. उच्चारांवरचा ताबा, आवाज खाली आणणं, थांबणं, सगळं तेच. १९८७ मध्ये आपण समलिंगी असल्याचं खात्यात उघडपणे सांगितलेला काळा अधिकारी, वर्षानुवर्षं बढती नाकारली गेलेला. त्या माणसाचा चेहरा दगडी का झाला असेल हे त्याने मनाशी ठरवलेलं दिसतं. म्हणून वर्षातून एकदा होल्टचा आवाज चढतो तेव्हा हसूही येतं आणि पोटात हलतंही.

पाचव्या सीझनमधला 'द बॉक्स' हा भाग तर रानवारा यांच्या लेखाला जोडूनच बघावा. होल्ट आणि त्याच्या हाताखालचा डिटेक्टिव्ह पेराल्टा रात्रभर एका दंतवैद्याची चौकशी करतात, जवळजवळ पूर्ण भाग एका खोलीत. नावापासून मांडणीपर्यंत 'होमिसाइड'ला केलेला मुजरा. आणि समोरचा संशयित आहे स्टर्लिंग के. ब्राउन! याच ब्राउनने २०१७ मध्ये 'धिस इज अस'साठी नाट्यमालिकेतल्या सर्वोत्कृष्ट नटाचं एमी घेतलं. हा पुरस्कार त्याआधी ज्या काळ्या नटाला मिळाला होता तो १९९८ चा ब्राउअर, मध्ये एकोणीस वर्षं कुणीच नाही. ब्राउनने मंचावरून पेम्बल्टनचं नाव घेतलं होतं. पुढच्याच वर्षी दोघे त्या खोलीत समोरासमोर.

आडवाट

हे एकोणीस वर्षांचं माहीत नव्हतं. माझ्या प्रश्नाचं निम्मं उत्तर यातच आहे.

'होमिसाइड' आता बघायची तर कुठे? मध्यंतरी शोधली तेव्हा कुठेच नव्हती.

रानवारा

मालिकेत त्या काळची गाणी भरपूर वापरली आहेत, आणि त्यांच्या हक्कांमुळे ती अनेक वर्षं कुठल्याही स्ट्रीमिंगवर आली नाही. डीव्हीडी होत्या तेवढ्याच. ऑगस्ट २०२४ मध्ये अमेरिकेत पीकॉकवर आली, ब्राउअर गेल्यानंतर आठ महिन्यांनी.

सगळे १२२ भाग बघायला वेळ नसेल तर पहिला सीझन सलग बघा, नऊच भाग आहेत. मग 'ब्लॅक अँड ब्लू', चौथ्याचा शेवट आणि पाचव्याची सुरुवात, 'सबवे', आणि सहाव्या सीझनचा शेवटचा 'फॉलन हीरोज'. त्यात पेम्बल्टन नोकरी का सोडतो हे मी इथे लिहीत नाही.

नाट्यवेडा_सांगली

त्यात 'द गुड फाइट'चा सहावा सीझनही जोडा, २०२२ चा. रिशार्ड लेन नावाचा भपकेबाज, रंगीबेरंगी कपडे घालणारा, देवाचं नाव घेत सौदे करणारा वकील. साठीत आलेला नट इतकं वेगळं काहीतरी करतो आणि प्रत्येक दृश्यात त्याला मजा येतेय हे दिसतं. 'द रेसिडेन्स' या मालिकेचं चित्रीकरणही सुरू होतं, पुढे ती भूमिका जॅनकार्लो एस्पोझिटोने केली. अजून दहा-पंधरा वर्षांचं काम त्याच्यात शिल्लक होतं.

तळटीप

'ब्लॅक अँड ब्लू' पाहिला. रानवारा, तुमचं बरोबर आहे, हा भाग माझ्याच बाजूने बोलतो. त्या साक्षीदाराचं काम आयझाया वॉशिंग्टनचं आहे ना? कबुली लिहून देताना तो पेम्बल्टनकडे ज्या विश्वासाने बघतो, त्यावर स्वतंत्र लिहायला हवं. उद्या सविस्तर लिहितो.